दादाची बकरी

माझ्या दादाला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी बकरी घ्यायची इच्छा झाली.

ही बातमी मला वहिनींनी फोनवरून कळवली. वहिनींना अमेरिकेत जाऊन अठ्ठेचाळीस वर्षे झाली, पण वाईट बातमी देण्याची त्यांची रीत अजून सदाशिव पेठेतलीच आहे. आधी पाऊसपाणी, मग दोन्हीकडचे गुडघे, मग "बाकी सगळं छान", आणि मग एक लांबलचक सुस्कारा. तो सुस्कारा डेट्रॉइटहून पुण्याला पोहोचेपर्यंत मी दादाला मनातल्या मनात दोन-तीन आजार करून टाकले होते.

"भाऊजी, ह्यांना बकरी घ्यायची आहे हो!"

मला हायसे वाटले. उतारवयात माणसे गांधीजींकडे वळतात. शेळीचे दूध पचायला हलके असते, असे काहीतरी मी बोलू लागलो.

"दूध कसलं देतेय! पेट्रोल पिते ती. गॅलनला दहा मैल! आणि किंमत ठाऊक आहे? अठ्ठावीस हजार डॉलर!"

मी सवयीने गुणाकार केला. २०२३ च्या भावाने तेवीस लाख रुपये झाले. तेवीस लाखांत आमच्या आजोळच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या बकऱ्या दावणीसकट आल्या असत्या.

मग उलगडा झाला. ही बकरी म्हणजे मोटारगाडी. १९६८ सालची पॉन्टियाक जीटीओ. ही तीन अक्षरे अमेरिकन पोरांनी जीभ आखडती घेऊन म्हटली, त्यांचे 'गोट' झाले, आणि तेव्हापासून त्या गाडीला सगळा देश लाडाने बकरीच म्हणतो. आपल्याकडे घराण्याला आडनाव पडते तसे.

"तुम्ही ऑगस्टमध्ये येताच आहात," वहिनी म्हणाल्या, "तर जरा समजवा ह्यांना. तुम्हाला जुन्या गाड्यांतलं कळतं."

मला जुन्या गाड्यांतले कळते, ही समजूत आमच्या कुटुंबात १९८४ पासून आहे. त्या वर्षी मी पुण्यात एक सेकंडहँड गाडी घेतली होती. घेण्यापूर्वी नाना पेठेतल्या एका उस्तादांना दाखवायला नेली. उस्तादांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. दार उघडले, पायाखालचे रबर उचलले आणि मला बोलावले. खाली रस्ता दिसत होता. "साहेब, गाडी हवेशीर आहे," ते म्हणाले. रंग आवडला म्हणून मी ती तरीही घेतली. ती माझ्याकडे अकरा महिने होती. त्यांपैकी सात महिने ती उस्तादांकडे होती आणि तिच्याबरोबर मीही. त्या सात महिन्यांत पत्रा, पुट्टी, धूर आणि माणसांचा स्वभाव यांविषयी मी पुष्कळ शिकलो. आपल्याकडे एकदा फसलेल्या माणसाला अनुभवी म्हणतात आणि दोनदा फसलेल्याला तज्ज्ञ. मी एकदाच फसलो, पण सात महिने फसलो.

तेव्हा उंटावरून शेळ्या हाकण्याची ही कामगिरी मी स्वीकारली. उंट सदाशिव पेठेत आणि शेळी डेट्रॉइटला, एवढेच अंतर होते.

दादा १९६८ च्या सप्टेंबरात डेट्रॉइटला शिकायला गेला. त्या काळी सरकार परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातावर आठ डॉलर ठेवी. पुढे तो तिथल्याच एका मोटार कंपनीत लागला आणि तेहेतीस वर्षे ब्रेकच्या विभागात राहिला. साऱ्या शहराने गाड्या पळवायच्या आणि आमच्या दादाने त्या थांबवायच्या, अशी कामाची वाटणी होती. स्वभावही तसाच. त्याने आजवर घेतलेल्या सगळ्या गाड्या चार दारांच्या, कमी पेट्रोलच्या आणि वहिनींच्या शब्दांत 'पोळपाटाच्या रंगाच्या'. अशा माणसाला बकरीचे वेड लागावे म्हणजे वारकऱ्याने म्हातारपणी कुस्तीचा आखाडा धरावा, तसे झाले.

मी गेलो त्याच रात्री दादा मला तळघरात घेऊन गेला. तिथे एक जाडजूड फाइल होती. दादाने चष्मा पुसला आणि व्याख्यान सुरू केले.

"बाळ्या, मसल कार म्हणजे काय?"

बाहात्तराव्या वर्षी मला बाळ्या म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला आहे. मी म्हटले, "दंडात बेडकुळी असलेली गाडी."

"जवळजवळ बरोबर. मध्यम अंगाची गाडी आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन. धाकट्या भावानं थोरल्याचा कोट घालावा तसं. १९६४ साली कंपनीचा नियम होता की मध्यम गाडीत तीनशे तीस घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियाकमध्ये डिलोरियन म्हणून इंजिनियर होता. त्यानं आणि त्याच्या माणसांनी तीनशे एकोणनव्वद घनइंचांचं बसवलं, आणि नवीन गाडी नाहीच, जुन्याच गाडीवर हा फक्त जादा पर्याय आहे, असं वरच्यांना सांगितलं. पाचेक हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या!"

तीनशे एकोणनव्वद घनइंच म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटर. त्या वेळी आपल्याकडच्या फियाटचे इंजिन एक लिटरच्या जरा वर होते. म्हणजे सहा बिऱ्हाडांचे इंजिन एका गाडीत. नावही त्यांनी इटलीच्या फेरारीच्या एका शर्यतीच्या गाडीवरून उचलले: ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो. इतके संगीतमय नाव, आणि त्याची केली बकरी.

"आणि ६८ च्या गाडीत चारशे घनइंच," दादाचा आवाज खाली आला, "साडेतीनशे हॉर्सपॉवर!"

"साडेतीनशे?"

"ग्रॉस," दादा म्हणाला. ब्रेकचा इंजिनियर जागा झाला. "त्या काळी इंजिन टेबलावर ठेवून, पंखाबिंखा आणि सायलेन्सर न लावता मोजायचे. १९७२ पासून सगळ्या साहित्यासकट मोजायला लागले, तेव्हा आकडे धाडकन खाली आले."

हे मला लगेच पटले. मीही छत्तीस वर्षे नोकरी केली आहे. ग्रॉस वेगळा आणि हातात येणारा वेगळा, हे कोणा मध्यमवर्गीयाला समजावून सांगावे लागत नाही.

पुढची कहाणी दादाने थोडक्यात आटोपली. विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, १९७३ साली अरबांनी तेल रोखले. १९७४ नंतर जीटीओ हे नाव तीस वर्षे कुठल्या गाडीला लागले नाही, आणि २०१० साली पॉन्टियाकचेच दुकान मिटले. कंपनी नाही, म्हणून नवी बकरी नाही. म्हणून जुनीला तेवीस लाख.

"आणि म्हणूनच," दादा म्हणाला, "तोतये फार."

हा शब्द ऐकल्यावर मी सावरून बसलो. पानपतानंतर भाऊसाहेब पेशव्यांचा तोतया निघाला आणि पुणे वर्षानुवर्षे खरा की खोटा करत बसले. तेव्हा तोतये ओळखणे हा आम्हा पुणेकरांचा पिढीजात उद्योग आहे.

जीटीओचा तोतया असा करतात: तिचीच साधी बहीण असते, लेमान्स. तोच सांगाडा, तेच अंग. तिला जीटीओचे नाक, बॉनेट आणि बिल्ले लावायचे, मोठे इंजिन बसवायचे आणि दुप्पट किमतीला उभी करायची. पण एक गोष्ट लपत नाही. पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर एक पट्टी दिसते, तिच्यावर गाडीचा नंबर असतो. १९६६ ते १९७१ पर्यंतच्या अस्सल जीटीओचा नंबर २४२ पासूनच सुरू होतो. दोन म्हणजे पॉन्टियाक, बेचाळीस म्हणजे जीटीओ. लेमान्सचा २३७. बाकी शृंगार काही करा, जन्मनक्षत्र बदलत नाही. शिवाय पॉन्टियाकच्या जुन्या दफ्तराची निगा राखणारी एक संस्था आहे. पैसे भरले की ती त्या गाडीचे कारखान्यातले मूळ बिल काढून देते: रंग कुठला, गिअर कुठला, कुठल्या दुकानी पाठवली.

"गिअरवरून आठवलं," दादा हसला. "ऑटोमॅटिक बकरीला ह्या लोकांनी एक दुहेरी खोबण दिली होती. एका बाजूला दांडा टाकला की गाडी आपोआप गिअर बदलते, दुसऱ्या बाजूला टाकला की आपण हातानं बदलायचे. तिचं नाव 'हिज अँड हर्स'. एक त्याचं, एक तिचं. पण ही गाडी चार गिअरची आहे. क्लचवाली."

वरून जिन्यातून आवाज आला, "डावा गुडघा बदलून घेतला तो काय क्लच दाबायला?"

दादाने फाइल मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी वहिनींच्या फ्रीजवरचे नायगाऱ्याचे चुंबक काढून खिशात टाकले. पाहुणे येतात, नायगारा पाहतात आणि चुंबक आणतात. फ्रीजवर असे नऊ नायगारे होते. पत्र्यावर चुंबक चिकटले तर खाली लोखंड आहे, घसरले तर पुट्टी. ह्याला चुंबकही फ्रीजचेच, दुबळे लागते. ताकदवान चुंबक पुट्टीतूनही लोखंड ओढते आणि मालकाची लाज राखते.

मालकाचे घर रॉयल ओकमध्ये होते. मालक दादाच्याच वयाचा, उंच, थोडा वाकलेला. तारुण्यात तो पॉन्टियाकच्याच कारखान्यात होता, सीट बसवायच्या कामावर. पॉन्टियाक हे कंपनीचे नाव तसे गावाचेही. डेट्रॉइटहून वुडवर्ड नावाचा जो हमरस्ता निघतो तो तिथेच जाऊन पोहोचतो. त्याने काचेतून नंबर दाखवला. २४२ होते. पुढे कुठेतरी पी हे अक्षर होते.

"पी म्हणजे पॉन्टियाकचा कारखाना," तो म्हणाला. "ही सीट कदाचित मीच बसवली असेल." त्याने सीटवर असा हात फिरवला, की मला खिशातल्या चुंबकाची लाज वाटली.

पण तज्ज्ञाला लाजून चालत नाही. मी गाडीला प्रदक्षिणा घातली. गडद हिरवी, दोन दारांची, पालथ्या होडीएवढे बॉनेट. त्या बॉनेटवर, काचेच्या बाहेर, इंजिनाचे फेरे दाखवणारे घड्याळ बसवलेले. आत जागा नव्हती म्हणून नव्हे, ऐट म्हणून. ही गाडी बनवणारी माणसे आनंदात असणार.

मी बॉनेटवर तळवा ठेवला. ताप पाहतात तसा. गरम होते!

उस्तादांचा पहिला धडा: गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड पाहिजे. थंड इंजिन पहिल्या दणक्याला खरे बोलते. निळा धूर आला तर तेल जळते आहे, पांढरा येत राहिला तर पाणी आत शिरते आहे, काळा आला तर पेट्रोल जास्त पिते आहे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पढवलेल्या साक्षीदारासारखे असते.

"गॅरेजमधून बाहेर काढली, एवढंच," मालक म्हणाला. मी म्हटले, आम्ही थांबू. पुणेकर थांबायला तयार आहे म्हटल्यावर समोरचा माणूस निम्मा खचतो.

तोवर मी चुंबक काढले आणि सुरुवात थेट नाकापासून केली. पुढच्या बंपरवर नायगारा ठेवला. नायगारा खाली पडला. दुसऱ्या टोकाला ठेवला. तिथेही पडला. मी विजयी मुद्रेने दादाकडे पाहिले आणि मराठीत म्हणालो, "सगळी पुट्टी! अख्खं नाक खोटं आहे!"

दादा आणि मालक एकदम हसू लागले. ६८ च्या जीटीओचे नाक लोखंडाचे नसतेच म्हणे. एन्ड्युरा नावाच्या रबरासारख्या पदार्थाचे असते, धक्का बसला तर दबून पुन्हा वर येणारे. त्या वर्षीची ती मोठी नवलाई होती. म्हणजे माझा नायगारा पडला हाच तिच्या खरेपणाचा पुरावा होता. तोतया पकडायला गेलो आणि अस्सल पेशव्याची मिशी ओढून बसलो.

पण मागे गेल्यावर नायगाऱ्याने माझी अब्रू राखली. मागच्या दोन्ही चाकांमागे तो घसरला. दारांखालच्या पट्टीवर घसरला. डिकीतला गालिचा उचलला तर खाली ठिगळे होती. आणि हा पुरावा नाकासारखा फसवा नव्हता, कारण इथे मिठाचा संबंध येतो.

मिशिगनमध्ये हिवाळाभर बर्फ पडते आणि ते वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात. योगायोग असा, की डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाचीच खाण आहे. ज्या शहराने जगाला गाड्या दिल्या त्याच्याच पोटात गाड्यांचा काळ भरून ठेवलेला आहे. ही गाडी इथेच जन्मली, इथेच वाढली, इथलेच मीठ खाल्ले आणि खाल्ल्या मिठाला जागली. खालून गंजली.

मग इंजिन. १९६८ पासून इंजिनावरही गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग ठोकत असत. दादाने टॉर्च धरला, मी आकडे वाचले. डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळेनात. पॉन्टियाकची त्या काळातली लहानमोठी व्ही-एट इंजिने बाहेरून एकाच मापाची, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे सहज बसते आणि वरून पाहणाऱ्याला कळत नाही.

मालकाने लगेच कबूल केले. "मूळ इंजिन पहिल्या मालकानं वुडवर्डवर शर्यतीत फोडलं. मी १९९१ साली घेतली तेव्हा हेच होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

माझा निकाल तयार झाला होता. घराणे खरे, हृदय दुसऱ्याचे, पाय गेलेले. तेवीस लाख कशाचे? मी पुण्याची भाषा इंग्रजीत जुळवू लागलो. इंजिन निवायला अजून वेळ होता, म्हणून मालकाने झाडाखाली खुर्च्या मांडल्या आणि लिंबाचे सरबत आणले. ते पिता पिता त्याने दादाला विचारले, "तुम्हाला हीच का हवी?"

आणि जी गोष्ट दादाने चोपन्न वर्षांत घरात मराठीत सांगितली नव्हती, ती त्याने एका परक्या माणसाला इंग्रजीत सांगितली.

तो डेट्रॉइटला उतरला त्याच महिन्यात ६८ ची मॉडेले जाऊन नवी येत होती. वुडवर्डवर एका दुकानाच्या काचेत एक हिरवी जीटीओ होती. किंमत सुरुवातच तीन हजार एकशे एक डॉलरपासून. दादा बस चुकवून रोज ती पाहायचा. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बशा धुऊन त्याने वर्षभरात सहाशे डॉलर साठवले. तशीच एक वर्षभर वापरलेली गाडी विकायला निघाली होती आणि मालक सहाशे आधी, बाकीचे हप्त्याने घ्यायला तयार होता.

"मग?" म्हाताऱ्याने विचारले.

"मग घरून पत्र आलं. धाकट्या भावाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता. वडील नुकतेच निवृत्त झाले होते." दादाने सरबताचा घोट घेतला. "सहाशे डॉलर म्हणजे तेव्हा साडेचार हजार रुपये. तिकडे ती मोठी रक्कम होती. ड्राफ्ट पाठवला."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. "हाच तो भाऊ?"

"हाच."

माझ्या हातात नायगारा होता. तो कुठे ठेवावा ते मला कळेना. ते साडेचार हजार मला चांगले आठवत होते. हॉस्टेल, मेस, ड्रॉइंग बोर्ड. ते अण्णांच्या प्रॉव्हिडंट फंडातले, असे मी आजवर धरून चाललो होतो, कारण अण्णांनी तसे सांगितले होते आणि दादाने ते तसेच राहू दिले होते. आणि त्या पैशांवर मी पहिल्या वर्षी काय दिवे लावले तेही आठवत होते. दोन विषयांत नापास झालो होतो. त्यांतला एक वर्कशॉप होता.

सरबत संपले. इंजिन बऱ्यापैकी निवले होते. मालकाने किल्ली फिरवली. आधी खाकरले, मग असा गंभीर आवाज घुमला की खुर्चीवरचा पेला थरथरला. मागून निळ्या धुराचा एक लोट आला.

"निळा," दादा म्हणाला.

"कुठे निळा? मला राखाडी वाटला," मी म्हणालो.

"डिकीत ठिगळं आहेत."

"ठिगळं कुठल्या गाडीत नसतात? आणि इंजिन काय, पॉन्टियाकचंच आहे ना? चुलत घराण्यातलं. दादा, घेऊन टाक. थोडे पैसे मी देतो. घासाघीस केली तर चोवीसला सोडेल."

मी हे काय बोलतो आहे ते माझे मलाच कळत होते. गाडी पारखायला आलेला तज्ज्ञ गाडी सोडून भलत्याच गोष्टीची किंमत करू लागला होता. उस्तादांनी हे पाहिले असते तर मला गॅरेजबाहेर काढले असते.

दादा काही बोलला नाही. त्याने कोट काढून माझ्या हातात दिला, नवा गुडघा आणि जुना गुडघा एकामागून एक टेकवले आणि मागच्या चाकामागे खाली हात घालून चेसिस चाचपली. हात बाहेर आला तेव्हा त्यात तांबडे पापुद्रे होते. खारी बिस्किटाचे असतात तसे. त्याने ते चुरडून पाहिले.

"चेसिस गेलीय," तो म्हणाला. "पत्रा बदलता येतो, इंजिन बदलता येतं. पण ही सगळी गाडी ज्याच्यावर उभी आहे तेच गेलंय. दुरुस्तीला गाडीच्या किमतीइतके लागतील. नाही घ्यायची, बाळ्या."

"पण दादा, एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं मी ब्रेक केलेत. ज्याला धरून ब्रेक लावायचा ते घट्ट असावं लागतं."

मालकाला त्याने तसे स्वच्छ सांगितले, पापुद्रे दाखवून. मालक रागावला नाही. तो मुलीकडे फ्लोरिडाला जाणार होता, तिच्याकडे गॅरेज नव्हते. पत्रा, चेसिस काय ते त्यालाही ठाऊक असावे. त्याने किल्ली दादासमोर धरली. "विकत नका घेऊ. चालवून तर बघा."

दादाने आधी अंगणातच तीनदा ब्रेक दाबून पाहिले. मग आम्ही निघालो. वुडवर्डवर, उजव्या लेनमधून, लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसासारखे थरथरत. ऑगस्ट होता, शनिवारी त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरायची होती. १९९५ पासून भरते. लोक आत्तापासूनच कडेला खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनी आम्हाला हात केले. दादाने उलट हात केला. दादा अनोळखी माणसांना हात करतो, हे मला नवीन होते.

सिग्नलला शेजारी एक इलेक्ट्रिक गाडी येऊन थांबली. आत एक पोरगा, आवाज शून्य. दिवा हिरवा झाला. दादाने दात आवळून क्लच सोडला, आमच्या बकरीने डरकाळी फोडली, सगळा रस्ता हादरला, आणि तो पोरगा मिठाई आणायला निघाल्यासारखा आमच्यापुढे निघून गेला. दादा इतका हसला, की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. चष्मा पुसायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मी बाहेर पाहत राहिलो.

वीस मिनिटांनी आम्ही किल्ली परत दिली. घरी जाताना पोळपाटाच्या रंगाच्या गाडीत दादा नेहमीसारखा दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता. मी म्हटले, "दादा, ते साडेचार हजार..."

"वर्कशॉपमध्ये नापास कसा रे झालास तू?" दादा म्हणाला. "मला अजून कळलेलं नाही."

विषय तिथे संपला. वहिनींना मी अहवाल दिला की गाडी घेण्यालायक नाही. त्या खूश झाल्या. दादाने ती फाइल तळघरात नेऊन ठेवली. मी महिन्याभराने पुण्याला परतलो.

नोव्हेंबरात वहिनींचा फोन आला. पाऊसपाणी झाले, गुडघे झाले, "बाकी सगळं छान" झाले. मी सुस्काऱ्याची वाट पाहत होतो. तो आलाच नाही.

"भाऊजी, ऍरिझोनात एक बकरी आहे," वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी शोधली. तिकडे वाळवंट असतं, रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. चेसिसचे फोटो मागवलेत, खालून काढलेले. नंबर २४२ आहे, इंजिनाचाही जुळतोय. कारखान्याचं बिलसुद्धा आहे. ह्यांना अजून बोलले नाही."

मी थक्क झालो. "अहो वहिनी, पण तुम्हीच..."

"त्या दिवशी घरी आले ना, तेव्हापासून हे स्वयंपाकघरात शीळ घालतात. अठ्ठेचाळीस वर्षांत मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती. आणि ही क्लचवाली नाहीये. ती दुहेरी खोबणवाली आहे. एक त्याचं, एक तिचं. तिचं आहे म्हणजे मलाही चालवता येईल. तुमचं मत काय?"

मी मत दिले. विमानाचे भाडे पडले तरी हरकत नाही, पण माहितगार माणसाला दाखवून घ्या. इंजिन थंड असताना पाहा. फोटोवर विश्वास ठेवू नका, चुंबक न्या. फ्रीजवरचेच न्या. आणि पुढच्या बंपरला लावू नका.

"आणि वहिनी, बयाणा मी पाठवतो. सहाशे डॉलर."

"सहाशेच का?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात वहिनींच्या मागून, बहुधा तळघराच्या जिन्यातून, दादाचा आवाज आला.

"आणि चोपन्न वर्षांचं व्याज कोण देणार, बाळ्या?"